धुक्यातली मोजणी

शारजाहून दुबईला जाणाऱ्या आमच्या स्टाफ व्हॅनच्या दारात ऑफिसचे स्टोअरकीपर रोज डोकी मोजत उभे असायचे. रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मोजणी पुरी झाली की म्हणायचे, "यल्ला, निघा आता!" त्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. मला वैताग यायचा. आम्ही काय शाळेतली पोरं? स्वतःला मात्र ते कधीच मोजायचे नाहीत.

एका जानेवारीत कंपनीने हत्ताच्या डोंगरात टीम रेस ठेवली. चौघांची टीम, आणि चौघांनी मिळूनच शेवटची रेषा ओलांडायची. आमच्यात चौथे चाचा होते, गळ्यात मफलर, पायात ऑफिसचेच बूट. पहाटे दरीत इतकं धुकं होतं की पुढचा माणूस दुधात विरघळल्यासारखा दिसायचा. बोटं गारठलेली. मागून चाचांची हाक यायची, "एक, दोन, तीन?" आम्ही तिघं ओ द्यायचो. त्या आवाजाच्या भरवशावर मी झोपेत चालल्यासारखा चालत होतो.

रेषा दिसताच आम्ही धावत सुटलो. पहिले आलो म्हणून मिठ्या मारल्या. पंचाने विचारलं, "चौथा आदमी किधर है?"

मागे नुसतं पांढरं होतं. हाक कधी थांबली, कुणालाच सांगता येईना. आमच्यामागून दोन टीम रेषा ओलांडून गेल्या, तेव्हा कुठे चाचा लंगडत धुक्यातून बाहेर आले. घोटा सुजला होता. मी काही बोलायच्या आत त्यांचं बोट उठलं.

"एक, दोन, तीन. खलास. सगळे आले."