ट्रामकाकांची गाडी

ट्रामकाका मोटारीला कधी गाडी म्हणायचे नाहीत. मोटार ती मोटार. गाडी म्हणजे जी वेळेवर येते, कुणालाही आत घेते आणि जिच्यासाठी पार्किंग शोधत फिरावं लागत नाही, ती. प्लेनोसारख्या गावात, जिथे दूध आणायलाही हायवे घ्यावा लागतो, तिथे एखाद्याने असं बोलायचं म्हणजे हद्द झाली.

काका मूळचे पुण्याचे, पण नोकरीत बरीच वर्षं व्हिएन्नात काढून टेक्सासला आलेले. आम्ही सगळे तिशीच्या आतबाहेरचे आयटीवाले आणि ते पन्नाशीकडे झुकलेले, म्हणून काका. 'ट्राम' आमची भर. कारण विषय कुठलाही असो, पाच मिनिटांत काका व्हिएन्नाच्या ट्रामवर घसरायचे. तिथली नवी ट्राम जमिनीला लागून असते, पायरीच नाही. स्टॉप यायच्या आधी त्याचं नाव आत स्पष्ट ऐकू येतं. एकाच तिकिटात ट्राम, बस, भुयारी रेल्वे सगळं. आणि बस स्टॉपला लागली की फुटपाथच्या बाजूने खाली वाकते. "बस वाकते हो," काका म्हणायचे, "माणसाला वाकावं लागत नाही." पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या आमच्या जेवणाला, त्यांनी तोंड उघडलं की माझा नवरा नितीन हळूच टिंग टिंग करायचा आणि आम्ही सगळे खाली बघून भात कालवायचो. मला तर यार, त्या ट्रामचा वीट आला होता.

त्यांची आणि आमची खरी ओळख झाली ती एका घोळातून. माझ्या सासूबाई नागपूरहून यायच्या होत्या आणि नेमकी त्याच दिवशी आम्हा दोघांनाही सुट्टी मिळेना. तोवर फक्त पॉटलकपुरतेच भेटणारे काका म्हणाले, "काळजी करू नका, मी आणि तुमच्या काकू गाडीने घेऊन येतो आईंना." त्यांची गाडीची व्याख्या मला तेव्हा ठाऊक नव्हती, मी निश्चिंत झाले. प्लेनोत गाडी म्हटल्यावर दुसरं काय डोक्यात येणार?

दुपार कलली तरी पत्ता नाही. मग काकांचा फोन, स्टेशनवर पोचलो म्हणून. मला वाटलं, पेट्रोल भरायला थांबले असतील. कुठलं गॅस स्टेशन, असं विचारलं तर म्हणाले, गॅस कसला, रेल्वे स्टेशन. आधी बस, मग एक आगगाडी आणि मग आमच्या गावात नव्याने आलेली ट्रामसारखी लाइट रेल, अशी माझ्या सासूबाईंची वरात काढली होती त्यांनी, तीही लोणच्या-पापडांनी ठासलेल्या दोन बॅगांसकट. मी तणतणत स्टेशनवर गेले. सासूबाई बाकावर ऐसपैस बसून काकूंशी माहेरच्या गप्पा मारत होत्या.

घरी येताना मी काकांच्या नावाने बोटं मोडायला लागले, तेव्हा सासूबाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "अगं, त्या बाईंना बाजूचं दिसत नाही. फक्त समोरचं दिसतं, नळीतून बघावं तसं. पुढे तेही जाणार आहे." आगगाडीत चढताना काकूंचा पाय अडखळला तेव्हा सासूबाईंच्या लक्षात आलं होतं, आणि विचारल्यावर काकूंनी सरळ सांगितलं होतं. ड्रायव्हिंग लायसन्स त्यांना कुठेच मिळणार नव्हतं. व्हिएन्नात त्या एकट्या बाजारात जायच्या, जर्मनच्या क्लासला जायच्या, मनात आलं की नदीवर जाऊन बसायच्या. पायरी नसलेली ट्राम, ऐकू येणारा स्टॉप, वाकणारी बस. आम्ही ज्याला काकांचं वेड म्हणत होतो, ते सगळं काकूंचं होतं. त्या दिवसापासून नितीनचं टिंग टिंग बंद झालं.

मग एक दिवस काकू एकट्याच लायब्ररीत जायला निघाल्या. मोटारीने हाकेच्या अंतरावर, पण मध्येच फुटपाथ संपला आणि त्या रस्त्याकडेच्या गवतातून चालत राहिल्या. आमच्याकडे चालणारा माणूस दिसला की तो हरवलाय असंच समजतात. एका पोलिसाने गाडी थांबवून अगदी अदबीने चौकशी केली आणि काकूंना घरी आणून सोडलं. काकू आम्हाला हे हसत हसत सांगत होत्या, लग्नानंतर पहिल्यांदाच एकटी मोटारीतून फिरले म्हणून. काका हसले नाहीत. त्यानंतर बरेच दिवस ते ट्रामबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, आणि मला चक्क चुकल्यासारखं झालं.

पुढे व्हिएन्नाच्या जुन्या ऑफिसने त्यांना परत बोलावलं. ग्रीन कार्ड अगदी तोंडाशी आलेलं. आत्ता गेलात तर इतक्या वर्षांचं थांबणं पाण्यात, असं आम्ही सगळ्यांनी समजावलं. नितीन तर म्हणाला, थोडं थांबा, कार्ड हातात पडू द्या, मग खुशाल जा. काका शांतपणे म्हणाले, "मी थांबेन रे. तिची नजर थांबणार आहे का?" आणि मग जरा वेळाने, "इथे तिला कुठेही जायचं तर मला विचारावं लागतं. मी कधी नाही म्हणत नाही. पण विचारावं तर लागतंच ना."

ते गेले. एअरपोर्टला मी माझ्या मोटारीने सोडलं, आणि काकांनी कुरकुर न करता सोडू दिलं. त्यांच्याशिवाय पॉटलक फिके झाले, हे मान्य करायला हवं.

दोनेक वर्षांनी सासूबाई पुन्हा आल्या. त्यांना काकूंशी बोलायचं होतं, म्हणून मी व्हिएन्नाला फोन लावला. काकांनी उचलला. काकूंना द्या म्हटलं, तर म्हणाले, "ती नाहीये घरात. गाडीने गेलीय."

"कुठे?" मी विचारलं.

काका खुशीत हसले. "काय माहीत. मला सांगून गेली नाही."