कुमुदच्या गाडीचे अलॉय

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. गॅरेजच्या कोपऱ्यात जुने नटबोल्ट साचतात तसे ते साचत जातात. भिवंडीजवळच्या कोन गावात, कल्याण रोडवर हरेशशेठ भोईरचं गॅरेज आहे. गेले काही महिने मी तिथे रोज संध्याकाळी जाऊन बसतो आणि घरी परतताना एखादा तरी किस्सा घेऊन येतो. ते सांगण्यासारखे आहेत की नाहीत, याबद्दल मला शंका आहे. पण मला बहुतेक गोष्टींबद्दल शंका असते. गणितात डॉक्टरेट केली तीसुद्धा या स्वभावामुळेच!

निमित्त एका गाडीचं. दोन दारांची, दोन सीटची, लाल, जुनी स्पोर्ट्स कार. ती माझी नव्हे, माझ्या बायकोची, कुमुदची. चालवतेही तीच. मी शेजारी बसतो आणि "हळू" म्हणतो. मला गाडी येत नाही.

कुमुदचे दोन्ही गुडघे बदलले तेव्हापासून गाडी हरेशशेठकडे विटांवर उभी होती. आता सर्जनने "खुशाल चालवा" म्हणून सांगितलं. कुमुदला पहिल्याच खेपेला दिघाशीला, माहेरी जायचं होतं. कुणीतरी नेऊन सोडायचं नाही, स्वतः चालवत जायचं! पण हरेशशेठने पाहिलं तर चारही अलॉय व्हीलना बारीक तडे गेलेले. नवे शोधणं आलं. ते काम कुमुदने माझ्या गळ्यात टाकलं.

"तुमची खात्री पटेपर्यंत तुम्ही मला गाडीत बसू देणार नाही. तेव्हा तुम्हीच शोधा!"

*

अलॉय घेताना बोल्टच्या भोकांचं वर्तुळ केवढं आहे, ते आधी लागतं. चार भोकं असली तर समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर मोजलं की झालं. पाच असली तर मात्र कोणतंच भोक कोणाच्या समोर येत नाही. मग भूमिती लागते.

माझ्या अंगात उत्साह संचारला. घरी बसून मी शेजारच्या दोन भोकांवरून वर्तुळ काढण्याचं सूत्र मांडलं. ताडून पाहिलं. मोजताना केसभर चूक झाली तर उत्तर कितीने बिघडेल, तेही काढलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजात हरेशशेठला फळ्यावर शिकवावं तसं समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग दोघं मिळून गाडीपाशी गेलो.

भोकं चार होती!

*

दुसरं माप ऑफसेटचं. चाक आत किती बसतं आणि बाहेर किती येतं, ते त्यावरून ठरतं. ऑफसेट चुकला तर टायर मडगार्डला घासणार. मी रात्रंदिवस ऑफसेटचाच जप करू लागलो.

भिवंडीत एका टायरच्या दुकानात गेलो. गर्दी होती. काउंटरवरच्या माणसाला विचारलं, "भाई, ऑफसेट के बारे में पूछना था. बहुत नाजूक मामला है."

त्याने माझ्याकडे वर-खाली पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "चाचा, ऑफसेट प्रेस बाजूवाली गली में. शादी का कार्ड वहीं छपता है. लेकिन इस उमर में?"

*

हरेशशेठचं मन पहिल्यापासून सोनेरी अलॉयवर होतं.

"सर, लाल गाडी, सोनेरी चाक. हलदीच्या रात्री उभी केली ना, बघत ऱ्हाल!"

हरेशशेठच्या समाजात हळदीचा थाट लग्नाहून मोठा असतो. मांडवात डीजे असतो, दिवे असतात आणि दाराशी गाड्यांची रांग असते. मी म्हटलं, "अहो, आमच्याकडे कोणाची हळद नाही."

"आमच्याकडं हाय ना! पुतन्याची!"

म्हणजे आमच्या गाडीचं बुकिंगही झालं होतं! त्या दिवशी माझ्याबरोबर गॅरेजात आलेली कुमुद हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "हरेश, माझी गाडी मांडवासमोर उभी केलीस, तर नवऱ्याकडे कोण बघणार?"

हरेशशेठ गंभीर झाला. पुतण्याचा चेहरा आठवून पाहिला असावा.

"हां ताई," तो म्हणाला, "त्यो पन विचार केला पायजे."

सोनेरी बाद!

*

मग चंदेरी की करडा, यावर मी अडकलो. चंदेरी लवकर मळतो. करड्यात तडा दिसत नाही. ओतीव घ्यावेत की ठोकून घडवलेले? वजन किती असावं? एका सकाळी माझं चंदेरीवर एकमत झालं आणि जेवायच्या वेळेला मोडलं. हा प्रकार फार दिवस चालला. गाडी विटांवर आणि कुमुद गॅलरीत, गुडघ्याचे व्यायाम करत.

एके दिवशी व्यायाम करता करताच तिने विचारलं, "अहो, माझ्या गुडघ्यांत काय घातलंय?"

"एक मिश्रधातू."

"म्हणजे अलॉयच ना?"

"हो, म्हणजे तसं..."

"तो घालताना सर्जनने तुमच्यासारखा विचार केला असता, तर मी अजून त्या टेबलावर असते!"

त्याच संध्याकाळी मी हरेशशेठला चंदेरी सांगून टाकले. परतताना वाटेत पुन्हा करड्याचा विचार आला. पण फोन मी मुद्दाम घरी ठेवला होता.

*

अलॉय आले त्या दिवशी मी आंघोळीला गेलो होतो. फोन कुमुदने घेतला. हरेशशेठ अलॉयला अलाय म्हणतो, हे आधी सांगायला हवं.

"ताई, सरांना सांगा, अलाय आलाय!"

"कोण आलाय?"

"अलाय!"

"अरे, पण आलाय कोण?"

"अलाय आलाय ताई! घेऊन येतो घरी, सरांना दाखवाया."

कुमुदला वाटलं, अलाय नावाचा कुणी मोठा कारागीर आलाय. तिने विचारलं, "जेवायला थांबणार का?"

फोनवर रस्त्याचा गोंगाट होता. हरेशशेठला काय ऐकू आलं कोण जाणे. "चार हायेत ताई!" तो ओरडला आणि फोन बंद झाला.

मी बाहेर आलो तर गॅसवर चौघा पाहुण्यांचा भात! थोड्या वेळाने दारात चार चंदेरी अलॉय उतरले. त्यांच्या वाटणीचं हरेशशेठ एकटा जेवला.

*

चाकं गाडीला लावून पाहिली. भोकं जुळली, पण मधलं मोठं छिद्र सैल होतं. ती फट भरायला चार रिंगा हव्यात. जाडी दोन सूत, म्हणजे पाव इंच. लेथवाले अन्सारीभाई लूमचे पार्ट बनवतात, ते करून देणार होते. मी फोन लावला. तो त्यांच्या भावाने उचलला. दोघांचं ऑफिस एकच. भाऊ धाग्याचा व्यापार करतो. हे मला माहीत नव्हतं.

हरेशशेठच्या गॅरेजचं नाव घेऊन मी स्पष्ट उच्चारात सांगितलं, "दो सूत. चार पीस. कोन भेजना है."

"दो सूत, चार, कोन. हो जाएगा सर!"

दुपारी गॅरेजात पार्सल आलं. आत धाग्याचे चार मोठे कोन होते, दुहेरी सुताचे, पांढरेशुभ्र!

मी घाबरून पुन्हा फोन केला. भाऊ खुशीत म्हणाला, "माल एक नंबर है सर. टूटेगा नहीं!"

हरेशशेठने एक कोन हातात घेतला, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, चाकांचं बघू नंतर. आधी हिला सदरा शिवू!"

रिंगा दुसऱ्या दिवशी आल्या. अगदी चपखल बसल्या.

*

आणि मग तो रविवार. सकाळी कुमुद गाडीत बसली. क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. गुडघा वाकला. मी श्वास रोखला होता, तो भिवंडी मागे पडेपर्यंत सोडला नसावा.

वाड्याच्या रस्त्याला लागल्यावर मला आवाज आला. डावीकडून. टक, टक.

"आवाज येतोय," मी म्हणालो.

"नाही येत."

"रिंग असेल. हळू घे. अगं, येतोय!"

अंबाडी येईपर्यंत मी हे किती वेळा म्हणालो ते मला सांगता येणार नाही. नाक्यावर चहाच्या टपरीपाशी कुमुदने गाडी थांबवली.

"उतरा."

मला वाटलं, चाक बघायला सांगतेय. मी उतरलो, दार लावलं, चाकापाशी वाकलो. तर चाक माझ्या डोळ्यांसमोर फिरलं आणि गेलं! मी कंबर सरळ करेपर्यंत लाल गाडी वळणाआड दिसेनाशी झाली होती.

टपरीवाल्याने सगळं पाहिलं होतं. "काय बाबा, बाय सोडून गेली का काय तुमाला?"

"नाही, नाही. गाडी तपासतेय."

"येल ना परत?"

"येईल," मी म्हणालो. त्याने चहा दिला. तो मी हातात धरून उभा राहिलो. गुडघे बदलल्यापासून ती एकटी घराबाहेरसुद्धा पडली नव्हती. रस्त्यावरून ट्रक गेले, रिक्षा गेल्या, बैल हाकत एक म्हातारा गेला. चहावर साय धरली.

मग दूरवर लाल ठिपका दिसला. तो मोठा होत गेला. गाडी झोकात वळून बरोबर माझ्यासमोर थांबली. कुमुदचे केस विस्कटले होते आणि ती हसत होती. तिने आतून वाकून दार उघडलं.

"बसा."

मी बसलो. "कुठे गेली होतीस? तो आवाज..."

"तोच बघायला गेले होते."

"मग?"

तिने गिअर टाकला.

"तुम्ही नसताना येत नाही!"