स्वस्तातल्या अँबर एलला साडेआठ मार्क

मंडळी, मागं ह्याच ग्रुपवर मी लिहिलं होतं की स्वस्तातली अँबर एल बिअर म्हणजे गोड पाणी. आज ते शब्द परत घेतो.

दुपारी नौबादला मेहुण्यानं, बसवराजनं, दोन बिअरी स्टीलच्या पेल्यांत ओतल्या. "दाजी, बाटली बघायची न्हाई. द्या मार्क."

बर्फ मी नाकारला. वास खुलावा म्हणून पेले तळहातांत धरून जरा गारठा जाऊ दिला. पहिलीला दहापैकी सहा. दुसरीत भाकरीच्या खरपूस पापुद्र्याचा वास, काकवीची गोडी, शेवटी बेताचा कडूपणा. साडेआठ!

बसवराज हसायलाय. "दाजी, सहावाली महागाची. साडेआठवालं तुमचं गोड पाणी! खोडायचे का मार्क?"

खोडले न्हाईत. फेस लवकर बसला म्हणून दीड मार्क कापलाय, तोही कायम.

लेबल झाकून चाखलं, तर तुमचं कुठलं मत टिकेल?