कोऱ्या पानावरचे अंगठे

निंबोळ्यात महिला ग्रामसभा वर्षातून चारदा व्हायची आणि एकदाही व्हायची नाही. कागदावर शंभर बाया जमायच्या, चर्चा करायच्या, एकमतानं ठराव घ्यायच्या, वर आभार मानून उठायच्यासुद्धा. प्रत्यक्षात त्या घटकेला कुणी कापूस वेचत असायची, कुणी चुलीपुढं भाकरी थापत असायची. हा चमत्कार घडवणारी बाई एकच होती. अजीजुन्निसा, ग्रामपंचायतीची शिपाई.

वाटूर फाट्याच्या पुढं आत वळलं की निंबोळा लागतं. तिथं तिला पूर्ण नावानं हाक मारणारं कुणीच नाही. सगळ्या गावाची ती चाची. नवरा लालमियाँ पंचायतीत शिपाई होता. तो गेल्यावर अकरा वर्षांपूर्वी त्याची जागा हिला मिळाली. ऑफिस झाडणं, नळाचा व्हॉल्व्ह सोडणं, झेंड्याच्या दिवशी मैदानावर चुन्याची पांढरी फक्की टाकणं, ही सगळी कामं तिची. पण तिला खरा अभिमान होता तो अंगठ्यांचा. सभेच्या आदल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेलं रजिस्टर आणि शाईची डबी घेऊन ती निघायची आणि दहा वाजायच्या आत शंभर अंगठे गोळा करून परत यायची.

“चाची, कशाचं है?”

“सभेचं.”

“घे मंग जल्दी, तवा तापून राह्यला.”

की पिठाचा हात पदराला पुसून अंगठा पुढं. चाचीला सगळ्यांचे अंगठे पाठ होते. कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी चालवणारी सुरेखा, तिच्या अंगठ्याला बोंडं लागून लागून चिरा पडलेल्या. सत्तरी ओलांडलेल्या गयाबाईच्या अंगठ्यावरच्या रेघा कधीच झिजून गेल्या होत्या, कागदावर नुसता निळा ठिपका उमटायचा. अंगठे खाली आणि वरचं पान कोरं, यात काही वावगं असतं असं चाचीच्या डोक्यात अकरा वर्षांत एकदाही आलं नाही. वरचं लिहायला ऑफिसात शिकलेली माणसं होती की.

जानेवारीच्या वीस तारखेला तिची मुलगी अलमास परतूरहून आली ती तोंड पाडूनच. पोरगी बारावी सायन्सला. सकाळी सातला एसटी गावात यायची, शाळेजवळच्या मोकळ्या जागेत वळसा घालून उभी राहायची आणि गावातल्या अकरा पोरी तीत बसून कॉलेजला जायच्या. कंडक्टरनं आज सांगितलं होतं की एक तारखेपासून गाडी गावाच्या फाट्यावरूनच परत फिरणार. गावात वळायला जागा राहणार नाही, असं गावानंच लिहून दिलंय.

फाटा तीन किलोमीटर. दोन्ही बाजूंनी तुरी आणि कापसाची पऱ्हाटी, मध्ये एक घर नाही. थंडीत सहाच्या अंधारात एकट्या पोरीला त्या रस्त्यानं कोण पाठवणार? दोन पोरींच्या बापांनी संध्याकाळीच सांगून टाकलं, बास झालं शिक्षण.

“गावानं कवा लिहून दिलं?” चाची चिडली. “मी रोज ऑफिसात हाये. मला कसं म्हाईत न्हाई?”

पंचवीस तारखेच्या सभेसाठी रजिस्टर घरी आणलेलंच होतं. अलमासनं फडकं सोडलं, पानं उलटली आणि नोव्हेंबरच्या पानावर थांबली. मग सावकाश वाचू लागली. बस गावात येण्याची आवश्यकता नसून, बस वळण्याच्या मोकळ्या जागेवर नऊ व्यापारी गाळे बांधण्यास सर्व महिलांची एकमताने संमती आहे. सूचक, श्रीमती गयाबाई. अनुमोदक, श्रीमती अजीजुन्निसा.

गयाबाई दोन वर्षांपासून बाजेवरून उठली नव्हती.

“अम्मी,” अलमासनं मान वर केली, “ये तुम बोले क्या?”

खाली शंभर अंगठे ओळीनं बसले होते, तिनंच आणलेले, आणि त्यातला प्रत्येक अंगठा तिच्या पोरीच्या बसवर टेकलेला होता. तिला लाज वाटली, अशी की पोरीच्या नजरेला नजर देववेना. मग राग आला. आणि राग आला ते बरं झालं, कारण नुसत्या लाजेनं माणूस घरात बसून राहतं.

दुसऱ्या दिवशी ती सरपंचांकडं गेली. निंबोळ्याची सरपंच उमा. निवडणूक तिनंच लढवली होती, खुर्चीवरच्या पाटीवर नावही तिचंच. पण गाव सरपंच म्हणायचं ते तिच्या नवऱ्याला, अंगदला, आणि खुर्चीवर बसायचाही तोच. उमा आत चहा टाकत होती.

“ठराव झालाय चाची,” अंगद मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. “अंगठे बायांचेच हैत. आता मी काय करू?”

“अंगठे कोऱ्या पानावर घेतल्ते.”

“कोणी घेतल्ते?” आता त्यानं वर पाहिलं आणि हसला. “तुम्हीच ना? मंग हे गावात सांगताल तर पयली नोकरी कोणाची जाईन, इचार करा. सव्वीसच्या ग्रामसभेत गाळे मंजूर होऊन राह्यलेत. पंचवीसला बायांची सभा नेहमीसारखी उरकून टाका.”

आतून कपांचा आवाज थांबला होता. उमा दारात उभी होती. तीही त्याच पानावर सही करून बसली होती, न वाचता. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि चाची चहा न घेताच निघाली.

नोकरीचा विचार तिनं केला नाही असं कसं म्हणावं? रात्रभर केला. मानधन तुटपुंजं, पण घर त्यावरच चालत होतं. मात्र सकाळी सातला गाडी वळताना तिनं पाहिली, खिडकीतून हात हलवणारी अलमास पाहिली, आणि विचार संपला. ती रजिस्टर घेऊन नेहमीच्याच फेरीला निघाली. फरक एवढाच की डबी घरी ठेवली होती.

अंगदचा हिशेब तिला ठाऊक होता. सभेची वेळ अकराची, बाया नऊला शेतात. शंभर जमल्या नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब झालेल्या सभेला किती आल्या हे कुणी मोजत नाही. तेव्हा शंभर बाया हव्यात, त्याच वेळी, त्याच जागी, अंगठ्यासकट.

पहिली गेली सुरेखाकडं. उंबऱ्यातच सांगून टाकलं, काही न लपवता. सुरेखानं ऐकलं आणि भडकली.

“म्हंजे आमचा अंगठा घेऊन तू आमच्याच पोरींचे पाय तोडले?”

“हां,” चाची म्हणाली. “तोडले. आता जोडायला आले. शिव्या मंग दे, पयलं सांग, येती का न्हाई?”

सुरेखाची भाची त्याच बसनं जायची. तिनं पायात चप्पल अडकवली. “माझ्या पन्नास बाया बारापर्यंत कामाला लागत न्हाईत. मालक बोंबलू द्या. बाकीच्या तू बघ.”

तीन दिवस चाचीनं एकेक उंबरा झिजवला आणि प्रत्येक उंबऱ्यावर तेच कबूल केलं. कुणी तोंडावर दार लावलं, कुणी कानावर हात ठेवले, एकीनं तर पाण्याचा तांब्यासुद्धा विचारला नाही. सगळ्यांत जास्त बोलली ज्योत्स्ना. ज्योत्स्ना घरात मशीन ठेवून ब्लाऊज शिवायची आणि अंगदनं तिला एक गाळा कबूल केला होता.

“तुला तुझ्या पोरीची बस दिसती चाची. माझं दुकान कोणाला दिसतं? त्या गल्लीतल्या अंधाऱ्या खोलीत बाहेरगावचं गिऱ्हाइक येतं का? गाळा झाला तर मी उभी राह्यते. मी येईन सभेला, पण तुझ्या इरोधात बोलायला.”

हे चाचीच्या ध्यानातच आलं नव्हतं. “ये,” ती म्हणाली. “इरोधात बोल. पण ये.”

पंचवीसला अकरा वाजता ऑफिसच्या खोलीत तीस बाया बसल्या आणि खोली भरली. बाहेर तेवढ्याच उभ्या आणि रस्त्यानं येतच होत्या. सुरेखाची टोळी डोक्याला रुमाल बांधून, विळे कमरेला खोचून आली. ग्रामसेविका मॅडमनी नोकरीत कधी एवढ्या बाया एकत्र पाहिल्या नव्हत्या. त्या घाम पुसत म्हणाल्या, “जागाच नाही हो.”

“जागा है की,” उमा म्हणाली. अध्यक्षाच्या खुर्चीवर ती आयुष्यात पहिल्यांदा बसली होती आणि लगेच उठलीही. “ज्या जागेचं भांडण है तिथंच बसू.”

मग सगळ्या बस वळायच्या मैदानात जाऊन बसल्या. मॅडमनी मोजल्या, एकशे सत्तावीस. चाची उभी राहिली.

“नोव्हेंबरात तुमचे अंगठे मी कोऱ्या पानावर घेतल्ते. त्यावर काय लिवलं ते मला म्हाईत न्हवतं आन मी इचारलं बी न्हाई. गलती माझी है. अकरा वर्सं झाली, माझीच है. नोकरी जाईन तर जाऊ द्या. पण आज लिवायच्या आधी बोला.”

आणि बाया बोलल्या. कसल्या बोलल्या! अकरा वर्षांचं साठलेलं होतं. कुणी बसवर, कुणी नळावर, कुणी एकदम सासूवरच घसरली, तिला सुरेखानं दंड धरून खाली बसवलं. ज्योत्स्ना ठरल्याप्रमाणं विरोधात उभी राहिली आणि असं नेटकं बोलली की अर्ध्या बाया माना हलवू लागल्या. गावात दुकान नको का? बायांनी जन्मभर घरातच शिवत बसायचं का? मैदानाच्या कडेला उभा असलेला अंगद गालात हसला.

तेवढ्यात साडेअकराची बस भोंगा वाजवत आली आणि सव्वाशे बाया वाटेत बसलेल्या पाहून थांबली.

“उठा, गाडीला जागा द्या,” अंगद ओरडला. “झाली सभा.”

“झाली न्हाई,” उमा म्हणाली. नवऱ्याला ती भरगावात पहिल्यांदाच उलट बोलत होती, त्यामुळं तिचा आवाज जरा चिरकला. “बाया कडंला सरकतील. ड्रायव्हरसाहेब, गाडी वळवा. किती जागा लागती ते तरी बघू एकदा.”

आता कुणाच्याही आधी चाचीला सुचलं. उद्याच्या झेंड्यासाठी आणलेलं फक्कीचं पोतं शाळेच्या व्हरांड्यात पडलं होतं. तिनं पाटी भरली आणि बस वळू लागली तशी मागच्या चाकाबरोबर चालत पांढरी रेघ ओढत गेली. ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडकं काढून सांगितलं, “मावशी, शेपटी बाहेर जाती गाडीची. दोन हात सोडून धरा.” तिनं दोन हात सोडून धरली. बस निघाली तेव्हा मैदानावर मोठा पांढरा गोल उमटला होता आणि शाळेच्या भिंतीला लागून एक पट्टा मोकळा राहिला होता.

सगळ्या त्या पट्ट्याकडं पाहत राहिल्या. गळ्यात टेप अडकवून आलेली एकच बाई तिथं होती. ज्योत्स्ना पुढं झाली. शिंप्याचा टेप तो केवढा, पाच फुटाचा. सुरेखानं एक टोक धरलं, ज्योत्स्नानं दुसरं, आणि दोघी जमिनीवर बसून सरकत सरकत भिंतीच्या टोकापर्यंत गेल्या. आठदा टेप लागला आणि वर थोडं उरलं.

“चाळीस फूट,” ज्योत्स्ना उठून पदर झटकत म्हणाली. “दहाचा एक. चार गाळे बसतेत.” मग अंगदकडं वळून, “भाऊ, तुम्ही नऊ कुठं बसवून राह्यलते?”

मॅडमनी तिथंच मांडीवर रजिस्टर घेऊन लिहिलं. बस गावातच वळेल. भिंतीला लागून चारच गाळे होतील आणि ते कुणाला द्यायचे हे ग्रामसभेत सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरेल. ज्योत्स्नाला हे चिठ्ठीचं आवडलं नाही. तिनं तसं लिहून घ्यायला लावलं आणि त्याखाली सही केली. लिहिलेलं दोनदा मोठ्यानं वाचलं गेलं. अंगठे त्यानंतर.

सव्वीसला झेंडावंदनाला आलेला गडी न् गडी ती पांढरी रेघ ओलांडून गेला. ग्रामसभेत दोन तास आरडाओरडा झाला, पण रेघ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, तिला खोटं कसं पाडणार? ठराव उमानं स्वतः वाचला आणि तो मंजूर झाला. एक तारखेला बस आली, आत वळली, अकरा पोरी चढल्या. शिक्षण बास म्हणणारे ते दोन बापही सोडायला आले होते.

चाचीची नोकरी गेली नाही. अंगदनं खटपट केली, उमानं कागदावर सही केली नाही, एवढंच झालं.

एक मेच्या आदल्या दिवशी, महिला सभेच्या सकाळी चाची विषयांचा कागद घेऊन गयाबाईकडं गेली. म्हातारी आजारी, तिला कुठं हलवायचं, म्हणून तिनं जुन्या सवयीनं शाईची डबी तेवढी बरोबर घेतली होती. बाजेजवळ बसून तिनं डबी उघडली आणि गयाबाईचा हात धरला. म्हातारीनं मूठ मिटून घेतली.

“आधी वाच.”

चाचीच्या काळजाला ते लागलं. अकरा वर्षं हा अंगठा न मागता पुढं आला होता. गावात आता तिच्यावर डोळे झाकून विश्वास टाकणारं कुणी राहिलं नव्हतं, आणि हे तिनंच घडवून आणलं होतं. ती उर्दू चौथी शिकलेली, मराठी अक्षरं तिला अडत. तरी ओळीखाली बोट धरून, अडखळत, तिनं सगळे सात विषय वाचले. गयाबाई डोळे मिटून ऐकत होती. एका विषयावर तिनं दोन प्रश्न विचारले आणि चाचीला तो परत वाचावा लागला.

“आता दे अंगठा,” चाची म्हणाली.

“इथं न्हाई.”

“मंग कुठं गे माय?”

“जिथं समद्या देतेत तिथं. सुरेखाला आवाज दे आन खुर्ची आण एखादी. पाठीची आण, बिनपाठीची नगं.”

चाचीनं डबी बंद केली, पदरानं डोळे पुसले आणि खुर्ची शोधायला निघाली.