तो त्या दिवशी प्यायलेला नव्हता

हे लिहायचं मी आजवर टाळलं. बोलायचंही टाळलं. कुणी विषय काढलाच तर मी चहा मागवायचो आणि दुसरं काहीतरी सुरू करायचो. चाळीस वर्षं हे जमून गेलं. आता ज्याच्याबद्दल सांगायचं तो गेला आहे आणि त्याच्याविषयीची एक खोटी गोष्ट लोक मोठ्या प्रेमाने सांगतात. ती खोटी आहे हे ठामपणे सांगू शकेल असा मी एकटाच उरलो आहे.

तो रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. टीव्हीवर फारसा दिसला नाही, पण उपनगरांतल्या मैदानांवर तो वाजवायला बसला की मागे उभी असलेली माणसं आपोआप पुढे सरकायची. मी त्याचा चाहता नंतर झालो, आधी शेजारी होतो. अंधेरी पूर्वेला एकाच वसाहतीत आम्ही वाढलो. माझे वडील गिरणीत होते, त्याचे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी त्याच्या चाहत्यांनी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात सभा ठेवली. त्याचा बँड वर्षानुवर्षं तिथे सराव करायचा. शोकसभा म्हणून मी पांढरा शर्ट घालून गेलो. बाकी सगळे काळ्या टी-शर्टमध्ये. टी-शर्ट काळे आणि डोकी पांढरी. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी गुडघा बदललेला. दोन मिनिटं शांत उभं राहूया असं एक जण म्हणाला, तर दुसरा म्हणाला, "शांत बसलेलं त्याला कधी चाललं का? दोन मिनिटं वाजवूया." मग त्या साठेक माणसांनी मांड्यांवर, खुर्च्यांच्या पाठींवर त्याच्या गाजलेल्या गाण्याचा ठेका धरला. अर्ध्या मिनिटात लय पळायला लागली. तो असता तर म्हणाला असता, अरे हळू, घरी दूध उतू जातंय का? मला तिथे रडू आलं.

समोर त्याचा ड्रमसेट मांडला होता. वाजवणारा उजव्या पायाने पेडल दाबतो, त्यावरचा आडवा दांडा फिरतो आणि दांड्याला लावलेला गोळा मोठ्या ड्रमवर आदळतो. शेंडी बांधलेला एक चाहता ते पेडल दुसऱ्याला दाखवत होता.

"जर्मन आहे. ओरिजिनल. असं आता बनत नाही."

"साकीनाक्याचं आहे," मी म्हणालो.

"काय काका?"

"साकीनाक्याचं. पाय ठेवायच्या पट्टीच्या खालून बघा. पंचाने मारलेले तीन ठिपके असतील."

तो गुडघ्यावर बसला, मोबाइलचा टॉर्च लावला. ठिपके होते. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी बनवलंय."

मग मला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. "जर्मनी गेली रे तुझी," असं म्हणून सगळे त्या शेंडीवाल्याला चिडवायला लागले. माझ्या शेजारी त्या गेलेल्या मित्राची मोठी बहीण होती. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

मग सूत्रसंचालक उभा राहिला. "मुलुंडचा शो कुणाकुणाला आठवतो?"

निम्मे हात वर गेले.

"भाऊ फुल टाइट. तिसऱ्या गाण्यात ड्रमसकट खाली. उठला, पब्लिकला सलाम ठोकला. याला म्हणतात रॉक, यार."

शिट्ट्या झाल्या, लोक हसले. बहीणही हसली, पाहुण्यांसमोर हसतात तशी.

मी उभा राहिलो. "तो प्यायलेला नव्हता," मी म्हणालो. "तेव्हाचं पेडलही मीच बनवलं होतं. ते तुटलं."

तिथे मी जे सांगितलं ते घाईत सांगितलं. इथे नीट सांगतो.

तेव्हा मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात टर्नर होतो. परदेशी पेडल मिळणं तेव्हा मुश्कील, आणि मिळालं तरी आम्हाला परवडणारं नव्हतं. त्याच्याकडचं जुनं पेडल डगमगायचं. मी म्हटलं, "मी बनवतो. तुझ्या नातवापर्यंत जाईल." हे बोलणं माझ्या हुशारीचं होतं. हुशारी खरीही होती. लेथवर माझा हात चांगला होता.

काम मात्र चोरून करायचं होतं. मालकाच्या वेळेत, मालकाच्या पोलादातून. जेवणाच्या सुट्टीत मी एक एक भाग करत गेलो. शेवटी आडवा दांडा राहिला. पोलाद लालबुंद तापवून तेलात बुडवलं की कडक होतं, त्याला आम्ही पाणी देणं म्हणतो. पण नुसतं पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं असतं. ते पुन्हा हलक्या आचेवर तापवून थोडं नरम करावं लागतं, तेव्हा ते मार खातं आणि तुटत नाही. कारागीर हे पहिल्या वर्षी शिकतो. मीही शिकलो होतो. त्या दिवशी मी दांडा घाईत जास्त तापवला, तेलात टाकला, आणि पुन्हा भट्टीकडे जायला निघालो तर फोरमन दारात उभा. मी दांडा खिशात घातला. दुसऱ्या दिवशी मुलुंडला शो होता. मी मनाशी म्हटलं, चालेल.

मुलुंडच्या मैदानावर संध्याकाळी सातच्या सुमाराला तिसऱ्या गाण्यात तो दांडा तुटला. मी दुसऱ्या रांगेत होतो. त्याने पूर्ण जोर देऊन पाय मारला आणि पायाखाली काहीच उरलं नाही. तो छातीने मोठ्या ड्रमवर आदळला, ड्रम चौथऱ्यावरून सरकला, झांजांचा स्टँड त्याच्यावर पडला आणि तो सगळ्यासकट खाली आला. लोक ओरडले, "टाइट है, टाइट है." तो उठला. त्याने सलाम केला हे खरं. पण त्याआधी त्याने वाकून दोन तुकडे उचलले आणि शर्टाच्या आत घातले. ते फक्त मी पाहिलं.

मंचामागे त्याने ते माझ्या हातात दिले. तुटलेलं तोंड खडीसाखरेसारखं चमकत होतं. जास्त तापलेलं आणि नरम न केलेलं पोलाद असंच तुटतं. मी त्याला ते सांगितलं. खोटं बोललो नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

"फोरमनमुळे राहिलं," मी म्हणालो. "कुणाला सांगू नको रे. मालकाला कळलं तर नोकरी जाईल. तीन आठवड्यांवर लग्न आलंय, मुलीकडच्यांनी नोकरी बघूनच हो म्हटलंय."

"लग्न होईपर्यंत ना?"

"हो. मग मी स्वतः सगळ्यांना सांगतो."

"बरं," तो म्हणाला, आणि कोपराला लागलं होतं तिथे पाणी मारायला गेला.

आयोजकांनी त्याच संध्याकाळी बँडला सुनावलं की दारुड्यांना आणत जाऊ नका. चार दिवसांत बँडने त्याला काढलं. माझ्या लग्नात तो जेवायला आला. पंगतीत माझ्या मामाने त्याला विचारलं, "काय रे, आज तरी शुद्धीत आहेस ना?" लोक हसले. तोही हसला, आणि त्याने पानातली जिलेबी उचलली. मी चार हातांच्या अंतरावर मुंडावळ्या बांधून बसलो होतो. मला सगळं ऐकू आलं.

लग्न झालं. मी सांगितलं नाही. आधी म्हटलं, बायको रुळू दे. मग मुलगी झाली. मग मी तो कारखानाच सोडला, मालकाची भीती उरली नाही, आणि तरी सांगितलं नाही. तोवर गोष्ट जुनी झाली होती, आणि जुनी गोष्ट उकरायची कशाला, हे वाक्य मला फार उपयोगी पडलं.

सगळ्यात वाईट होतं ते त्याच्या वडिलांचं. ड्रम घेऊन देताना त्यांनी त्याच्याकडून एकच शपथ घेतली होती, क्लॅरिनेटवर हात ठेवून: दारूला शिवायचं नाही. त्यांच्या बँडमधली एकेक वाजवणारी माणसं दारूने संपलेली त्यांनी पाहिली होती. ती शपथ झाली तेव्हा मी त्या खोलीत होतो, आणि हसलो म्हणून मला बाहेर काढलं होतं. मुलुंडनंतर त्यांनी मुलाचं वाजवणं ऐकणं बंद केलं. घरात तो सरावाला बसला की ते चप्पल घालून खाली उतरायचे.

रोज सकाळी दूधकेंद्रावर ते मला भेटायचे. एकदा पिशवी हातात धरून थांबले. "तू तरी सांग मा त्येका," ते त्यांच्या मालवणीत म्हणाले. "माजा काय तो आयकना नाय. तू चांगलो झिल आसस."

"सांगतो काका," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. दुधाची पिशवी घेतली आणि घरी आलो. त्या बापाला खरं सांगायला मला चार पावलंही चालायला लागणार नव्हती. पुढे ते वारले. तोवर त्यांचा मुलगा नव्या बँडमध्ये नावारूपाला आला होता, बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत पोरं त्याच्यासाठी गर्दी करत होती, आणि बापाने त्याचं एकही गाणं समोर बसून ऐकलं नव्हतं.

दुसरं पेडल मी मुलुंडनंतर दोन वर्षांनी केलं. नव्या नोकरीत, साहेबांना विचारून, उजेडात. दांडा तापवला, पाणी दिलं, मग घासून चकचकीत करून पुन्हा हलक्या आचेवर धरला. पोलादावर आधी पिवळा रंग चढतो, मग जांभळा, मग निळा. निळा आला तिथे मी थांबलो. असा निळा मी परत कधी काढला नाही. त्याने ते शेवटपर्यंत वापरलं. मी स्वतःला सांगत राहिलो की त्या पेडलात सगळं आलं. आलं नव्हतं. पेडल बोलत नाही.

सभेत हे सांगून झालं. मग शेंडीवाला म्हणाला, "काका, खरं सांगू? ती टाइटवाली स्टोरी आम्हाला आवडायची."

"माहीत आहे," मी म्हणालो. "पण आता सांगू नका."

"नाही सांगणार. आता पेडलची सांगू."

"सांगा. साकीनाका म्हणा, जर्मनी नको."

लोक हसले, आणि मला ते हसणं चालून गेलं. मी खाली बसलो. बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी खरं बोललो आणि छप्पर कोसळलं नाही.

मग त्याची बहीण बोलली, फक्त मला ऐकू येईल एवढ्याने. "बाबांनी त्याला विचारलं होतं रे."

"काय?"

"त्याच आठवड्यात. समोर बसवून विचारलं, प्यायला होतास? तो म्हणाला, हो. मी भाकऱ्या करत होते. मला कळलं की हा खोटं बोलतोय, पण का ते कळेना. त्याला तर दारूच्या वासाने मळमळायचं. नंतर मी खोदून विचारलं, तर म्हणाला, नाही म्हटलं असतं तर बाबा चौकशी करत गेले असते. गप्प बसणारे नव्हते ते. कुठपर्यंत गेले असते कोण जाणे."

कुठपर्यंत ते मला माहीत होतं. साकीनाक्यापर्यंत. माझ्या मालकाच्या दारापर्यंत.

"आज कळलं," ती म्हणाली, आणि हातरुमालाची घडी पुन्हा पुन्हा घालत राहिली. "तू बाबांना सांगायला हवं होतंस."

"हो," मी म्हणालो.

इतकी वर्षं माझी समजूत होती की बापाने लोकांचं ऐकलं. त्यांनी लोकांचं नव्हे, मुलाचं ऐकलं होतं. आणि मुलाने क्लॅरिनेटवरची शपथ मोडल्याचं स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, न मोडता. मी त्याला फक्त गप्प राहायला सांगितलं होतं. हे त्याने आपणहून दिलं, आणि दिलं हे मला कधी कळूही दिलं नाही.

तो जायच्या दोन महिने आधी मी त्याच्याकडे गेलो होतो. तो वर्सोव्याला राहायचा, कोळीवाड्याच्या अलीकडे, खिडकीतून सुक्या मासळीचा वास यायचा. साकीनाक्याहून मेट्रोत बसल्यापासून मी एक वाक्य घोकत होतो. दुपार होती. तो पलंगावर उशी मांडीवर घेऊन त्यावर काठ्या वाजवत होता, हात बारीक झालेले, लय तीच.

"एवढ्या उन्हात कशाला आलास?"

"असाच."

आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, औषधांबद्दल बोललो. मग मी विचारलं, "पेडल कसं आहे?"

"अजून कुरकुरत नाही. या वेळी पाणी बरोबर दिलंस."

आम्ही दोघं हसलो. मग त्याने काठ्या उशीवर आडव्या ठेवल्या आणि माझ्याकडे बघत राहिला. वाजवणारा माणूस थांबतो तेव्हा तो दुसऱ्याला जागा देत असतो, हे त्याच्या चाहत्यांपैकी कुणीही सांगेल. मलाही ते कळत होतं. मी घड्याळ बघितलं. म्हटलं, हिला डॉक्टरकडे न्यायचंय, निघतो. डॉक्टरकडे कुणालाच न्यायचं नव्हतं.

वाक्य लांब नव्हतं. चूक माझी होती, नाव तुझं गेलं, आणि मी बघत राहिलो. मला माफ कर रे.