शिळं पाणी

वडिलांना घरी ऑक्सिजनचं मशीन लावलं होतं. त्याच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच लागायचं. मी चितेगावच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे, दिवसभर पाण्याचा पीएच बघतो. त्यामुळं कॅन आणायचं काम माझ्याकडं होतं.

आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्या दिवशी आई घरातलं शिळं पाणी ओतून देते आणि हंडे, ड्रम सगळं ताज्यानं भरते. एकदा तिनं तो कॅनही नळाखाली धरला. मशीनच्या बाटलीत क्षारांचा पांढरा थर दिसला तेव्हा मला कळलं.

"लई दिस झाले होते, शिळं झालं असंल," ती म्हणाली.

"डिस्टिल्ड वॉटर कधी शिळं होत नाही. कळत नाही तर हात कशाला लावतेस?" मी ओरडलो. नाकात नळी असलेल्या वडिलांनी नुसता हात वर केला.

पुढच्या महिन्यात ते गेले. त्याचा पाण्याशी संबंध नव्हता. नंतर आणलेला एक कॅन अर्धा उरला होता, झाकण उघडंच. का कोण जाणे, त्यातलं थोडं मी लॅबमध्ये नेलं. मीटरनं पीएच पाच पूर्णांक आठ दाखवला. ताजं असताना तो सात असतो. पाणी उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. हे मला कॉलेजपासून माहीत होतं.

उरलेलं पाणी मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतत होतो. तिथं ते चालतं. शेजारच्या मावशींनी विचारलं, "किती दिवसांचं आहे ते?"

"ते कधी शिळं होत नाय," आई म्हणाली. "त्याला कळतंय त्यातलं."