दार उघडणाऱ्याची भाकर

नव्या माणसाला लोक नाव विचारतात, गाव विचारतात, आमच्याकडे जातसुद्धा आडून आडून विचारतात. पाव्हणा विचारायचा, "तुमी भांडता कोन्त्या भाषेत?"

आंध्रातल्या आमच्या उटनूरच्या आठवडी बाजारात तो हा प्रश्न घेऊन फिरायचा. बाजारहत्नूरहून वांगी घेऊन येणाऱ्या एका माळणीने त्याला जे उत्तर दिलं, ते त्याला इतकं आवडलं की त्याने तिची अर्धी टोपली विकत घेतली. ती म्हणाली, "भाव तेलुगूत सांगतो, घासाघीस हिंदीत करतो. पन शिवी द्याची असंन तं मराठीत. पोटातून येते ना थे." पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरी वांगीच शिजली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "पाव्हण्याले सांग व मास्तरीण, पुढच्या बाजारी कांदेवालीसंग बोल म्हना."

हा पाव्हणा युगोस्लावियाचा. हैदराबादच्या एका विद्यापीठात परदेशी विद्वानांना वर्षभर ठेवून घेण्याची फेलोशिप असायची. राहायला खोली, वाचायला ग्रंथालय, हातखर्चाला पैसे, आणि बदल्यात जाण्याआधी एक व्याख्यान. याला अभ्यास करायचा होता तो एकाच बाजारात चार भाषा बोलणाऱ्या लोकांचा. म्हणून विद्यापीठाची परवानगी काढून तो उटनूरला आला आणि आमच्या ओसरीवरची खोली भाड्याने घेऊन राहिला. इतका उंच, की दाराच्या चौकटीला रोज डोकं आपटायचा आणि रोज चौकटीचीच माफी मागायचा. फेलोशिप म्हणजे काय ते सासूबाईंना समजेना. आमचे हे कचेरीत कारकून, निजामाच्या वेळचे शब्द त्यांच्या तोंडात मुरलेले. ते म्हणाले, "सरकारी पाहुणचार समज माय. मुद्दत एक साल."

"म्हंजे पाव्हणाच ना," सासूबाई म्हणाल्या. तेव्हापासून सगळं उटनूर त्याला पाव्हणा म्हणू लागलं.

मी त्या वेळी मराठी शाळेत भूगोल शिकवायचे. आमच्या घराण्यातली पहिली शिकलेली सून. आजे-पणजे दुसऱ्यांच्या शेतात राबलेले आणि मी खुर्चीवर बसून हजेरी घेणार, तेव्हा माझी मान जरा ताठच असायची. ती इतकी ताठ होती की मला पायाखालचं काही दिसत नसे. घरात सगळे 'काऊन' म्हणत, मी 'का' म्हणायचे. सासूबाई 'मले' म्हणाल्या की मी 'मला' म्हणून दाखवायचे. वाटायचं, मी बोलले की भिंतीवरच्या तसबिरीतला बुद्धसुद्धा शुद्ध मराठीत डोळे मिटतो.

पाव्हण्याने मराठी शिकावी ती माझ्याकडून, हे मी ठरवूनच टाकलं होतं. पण तो शिकला सासूबाईंकडून, चुलीपुढे बसून. त्यामुळे हा गोरापान विद्वान वेशीवरच्या म्हाताऱ्यासारखा बोलायचा. "बाई, तुमी जेवून काऊन नाई राह्यल्या?" मी लाल व्हायचे. एकदा मी त्याला बसवून सांगितलं, "सर, 'काऊन' नव्हे, 'का'." त्याने जरा विचार केला. मग म्हणाला, "शाळेची मराठी परीक्षेले. काऊनची मराठी भाकरीले." सासूबाई इतक्या हसल्या की चुलीतली राख माझ्या इस्त्रीच्या साडीवर उडाली.

माझी अक्कल तेव्हा कुठवर होती ते सांगते. मी त्याला एकदा वर्गात नेलं, मागच्या बाकावर बसवलं आणि पोरांना युगोस्लाविया शिकवला. ज्याचा देश त्यालाच. नकाशावर छडी ठेवून राजधानी सांगितली, नद्या सांगितल्या. वर त्याला उभं करून विचारलं, "सर, सांगा, तुमच्या देशातली मुख्य पिकं कोणती?"

तो म्हणाला, "आलुबुखार."

"पुस्तकात नाही," मी म्हणाले. "मका आणि गहू."

"आमच्या अंगणात हाय," तो म्हणाला आणि शहाण्या पोरासारखा खाली बसला. अंगणातली ती झाडं त्याच्या वडिलांनी लावलेली. वडील गेले होते, आता आई एकटीच तिथे राहत होती. आई एका जमातीची, वडील दुसऱ्या जमातीचे. भाषा मात्र दोघांची एकच. एका नदीकाठच्या लहानशा गावातलं ते घर.

महिन्या-दोन महिन्यांनी त्याला विद्यापीठात तोंड दाखवायला हैदराबादेला जावं लागे. तेव्हा सासूबाई त्याला शिदोरी बांधून द्यायच्या. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदा. वाटेत लागतील तेवढ्या भाकरी आणि वर एक. पहिल्यांदा त्याने विचारलं, ही वरची कशाला? सासूबाई म्हणाल्या, "थे दार उघडणाऱ्याची. पोचल्यावर जो दार उघडंन त्याले द्याची. रिकाम्या हातानं कोनाच्या दारात उभं राहू नाई." तिकडे त्याच्यासाठी गेस्ट हाऊसचं फाटक उघडलं ते वॉचमनने. पाव्हण्याने भाकर त्याला दिली. तो वॉचमन निघाला आमच्याच भागातल्या बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. बऱ्याच दिवसांनी ज्वारीची भाकर बघून त्याने पाव्हण्याला सलाम ठोकला म्हणे. विद्यापीठात त्याचा झालेला सगळ्यात मोठा सन्मान तोच, असं पाव्हणा सांगायचा.

हे सगळं तो कशासाठी करत होता ते त्याने मला ओसरीवर समजावून सांगितलं. त्याचं म्हणणं साधं होतं. ज्यांना एकमेकांच्या शिव्या कळतात ते एकमेकांना मारत नाहीत. तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू बोलणारे इथे एका झाडाखाली भांडतात, पण शिवी कळते म्हणून भांडण तिथेच संपतं. "न कळणारी भाषा लय भेव दाखवते, बाई. कळली का भेव सरलं." मला ते फार पटलं. मला त्या काळी जे समजायचं नाही ते सगळंच फार पटायचं.

मग त्याच्या देशात लढाई सुरू झाली.

त्याच्याकडे एक लहान रेडिओ होता. संध्याकाळी तो कानाशी धरून अंगणात येरझारा घालायचा. दर रविवारी बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवर जाऊन आईला फोन लावायचा. तिकडे कोणी उचलायचं नाही. तरी परत यायचा तो उजळलेल्या तोंडाने. "घंटी वाजली, माय."

"उचलला?" सासूबाई विचारायच्या.

"नाई. पन वाजली. म्हंजे घर हाय. बुढी तळघरात गेली असंन."

आमच्या घरात मग रविवारची तीच बातमी झाली. घंटी वाजली. आमचे हे कचेरीतल्या लोकांनाही सांगायचे, पाव्हण्याची घंटी वाजली म्हणून.

सासूबाई त्याला धीर द्यायच्या. त्यांनी राज्यं जाताना पाहिली होती. "मी नवरी झाली तवा निजाम होता. लेकरं झाले तवा हैद्राबाद इस्टेट होतं. आता आंध्रा म्हंतेत. मी कुठी गेली का? चूल थेच, मी थेच. राज येते, राज जाते. गाव कुठी जाते, बाप्पा?" पाव्हणा मान हलवायचा. मला वाटतं, त्या दिवसांत तो भाकरीवर कमी आणि त्या वाक्यावर जास्त जगत होता.

एका संध्याकाळी रेडिओवर त्याच्या गावाचं नाव आलं. आजवर त्या गावाचं नाव जगात कोणी घेतलं नव्हतं. आणि मी, भूगोलाची मास्तरीण, काय म्हणाले असेन? "सर, तुमचं गाव प्रसिद्ध झालं." त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्या रविवारी घंटी वाजली नाही. पुढच्या रविवारीही नाही. तो बूथवरून आला, चौकटीला डोकं आपटलं आणि या वेळी माफी मागितली नाही. चुलीपुढे बसून म्हणाला, "गाव बी गेलं, माय."

सासूबाईंच्या हातात पीठ होतं. भाकर तव्यावर करपली आणि आम्ही कोणी ती उलटली नाही.

मुद्दत संपत आली. व्याख्यानाला त्याने आम्हाला हैदराबादेला बोलावलं. मी लग्नातली साडी नेसून पुढच्या रांगेत बसले. इंग्रजी समजतंय असा चेहरा करण्यात मी तेव्हा पटाईत होते. पण त्या दिवशी खरंच समजलं, कारण तो अगदी सोपं बोलला. बाजाराचं सांगितलं, माळणीचं सांगितलं, लोक हसले. मग त्याने समोरचे कागद पालथे घातले. म्हणाला, "ज्यांना एकमेकांच्या शिव्या कळतात ते एकमेकांना मारत नाहीत, असं समजून मी इथे आलो. माझ्या गावात सगळ्यांना सगळ्या शिव्या कळत होत्या. शब्द न् शब्द. माझा निष्कर्ष चुकला आहे." आणि खाली बसला.

व्याख्यान संपलं की टाळ्या वाजवतात एवढंच मला ठाऊक होतं. मी वाजवल्या. एकटीने. आमच्या ह्यांनी माझा हात धरला तेव्हा थांबले. आजही स्वयंपाकघरात लाटणं खाली पडलं तरी मला त्या टाळ्या ऐकू येतात.

विभागाचे प्रमुख भले माणूस होते. अजून एक वर्ष ठेवून घ्यायची त्यांची तयारी होती. पण त्यासाठी पाव्हण्याच्या तिकडच्या विद्यापीठाची संमती हवी आणि चालू पासपोर्ट हवा. त्याचं विद्यापीठ बंद होतं. पासपोर्टावरचा देश मोडला होता. त्या एका देशाचे आता अनेक झाले होते आणि त्यातला कोणता आपला ते त्याने सांगायचं होतं. आईचा की वडिलांचा? आमच्या ह्यांनी त्याला कचेरीतल्या सगळ्या युक्त्या सुचवल्या. दरखास्त द्या, मोहलत मागा. तो म्हणाला, "दादा, मोहलत मागाले बी देशाचं नाव लिहा लागते."

व्हिसा संपत होता. दिल्लीहून कुठलं तरी विमान होतं, वाटेतल्या कुठल्या तरी तिसऱ्या देशापर्यंतचं. पुढचं ठरलेलं नव्हतं. निघायच्या सकाळी सासूबाई पीठ मळायला बसल्या आणि थांबल्या.

"किती दिसाची बांधू व मास्तरीण? घर किती लांब हाय त्याचं?"

मी भूगोलाची. अंतरं सांगणं हे माझं काम. मी डब्यातलं उरलेलं पीठही ताटात ओतलं.

शेवटी त्यांनी होतं नव्हतं ते सगळं पीठ थापलं. गाठोडं बांधलं आणि नेहमीप्रमाणे एक वेगळी फडक्यात घालून वर ठेवली. बसस्टँडवर पाव्हण्याने ते फडकं ओळखलं. सोडून सासूबाईंपुढे धरलं.

"हे राहू दे, माय. दार उघडाले कोनी नाई."

"देलेली भाकर वापस घेत नाई," सासूबाई म्हणाल्या. "जे दार उघडंन थे तुहं. जाय."

त्याने ते फडकं शर्टाच्या आत, छातीशी ठेवलं. बसच्या दारालाही त्याचं डोकं लागलं. मग बस गेली.

त्यानंतर काही कळलं नाही. विभागाच्या प्रमुखांनी चौकशी केली, त्यांनाही समजलं नाही. शाळेतला नकाशा बदलायला पुढे बरीच वर्षं लागली. तोवर मी जुनाच देश शिकवला आणि त्याच्या पिकांत आलुबुखार घातलं. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी टोकलं, "बाई, पुस्तकात नाही हे." मी म्हटलं, "अंगणात होतं." साहेबांना वाटलं, बाईंचं डोकं जरा फिरलंय. फार चुकलं नव्हतं त्यांचं.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या उन्हाळ्यात दुपारी मी त्यांना पंखा घालत बसायचे. एकदा डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "मास्तरीण, पाव्हण्यानं थे भाकर कोनाले देल्ली असंन व?"

मी चटकन म्हणाले, "कुणीतरी दार उघडलंच असेल, आत्याबाई. जग खूप मोठं आहे. चांगली माणसं सगळीकडे असतात."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "शाळेची मराठी नोको बोलू माह्यासंग."

पंखा माझ्या हातातच थांबला. त्या घरात सून म्हणून आल्यापासून जे शब्द मी तोंडात येऊ दिले नव्हते ते आपोआप आले.

"मले नाई मालूम, माय."

"मले बी नाई," त्या म्हणाल्या.